आधी १०८, मग मला फोन

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५६. आई ८१ वर्षांची, त्यांच्याजवळच राहते. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला, तेव्हापासून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे आणि चालायला वॉकर लागतो. आजारी माणसांकडे बघणाऱ्या बाया पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या मावशी दीड वर्ष चोवीस तास घरी आहेत. सातवी शिकलेल्या, मूळच्या बीडकडच्या. डिसेंबरात ताईंच्या मुलीचं बाळंतपण जर्मनीत आहे आणि ताई व त्यांचे यजमान सहा आठवडे तिकडे जाणार आहेत. नाशिकचा भाऊ म्हणतो, तेवढे दिवस आईला केअर सेंटरला ठेवू. आई म्हणते, तू खुशाल जा. ताईंना मात्र गेल्या श्रावणातली एक रात्र विसरता येत नाही. दोनच्या सुमारास आईचं अंग घामाने भिजलेलं पाहून मावशींनी ताईंना उठवलं आणि स्वतः पलंगाशी बसून रडत राहिल्या. साखरेचं पाणी ताईंनीच पाजलं. त्या विचारतात, "मी नसते तर काय झालं असतं? या बाईंना असं काय शिकवू, की मला निर्धास्त जाता येईल? की जाणंच रद्द करू?"

ताई,

त्या रात्रीपासूनच सुरुवात करते, कारण तुमची सगळी भीती त्या रात्रीवर उभी आहे. तुमच्या मनात तिची नोंद 'मावशी घाबरल्या' अशी झाली आहे. घाबरल्या, हे खरंच. पण रात्री दोन वाजता, अंधारात, शेजारच्या पलंगावरच्या आजींना घाम फुटलाय हे लक्षात कुणाच्या आलं? झोपेतून उठून अंगाला हात कुणी लावला? साखर उतरल्याची पहिली खूण त्यांनी ओळखली, तुम्ही नंतर आलात.

त्यांचं पुढे अडलं, त्याचंही कारण बघा. 'आजींना साखर द्यायची नाही' हे त्या दीड वर्ष रोज ऐकत आहेत. चहा बिनसाखरेचा, प्रसादाचा शिरा चिमूटभर, सीताफळ लपवून ठेवलेलं. त्या बाईने त्या रात्री आपणहून साखरेच्या डब्याला हात कसा लावावा? चुकलं तर ताई काय म्हणतील, ब्यूरो काय म्हणेल, आजींना काही झालं तर पोलीस मला विचारतील का, हे सगळं त्यांच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं असणार. त्यांना माहिती कमी पडली, पण मोकळीक त्याहून कमी पडली. म्हणून 'काय शिकवू' याच्या आधी 'कोणकोणते निर्णय त्यांच्या हाती देऊ' हे तुम्ही ठरवायला हवं. शिकवण्याचा भाग त्या मानाने सोपा आहे.

बहुतेक घरांत कामाच्या बाईला एक वाक्य सांगून ठेवलेलं असतं: काहीही झालं तरी आधी मला फोन करा. तुमच्याही घरात असणार. काळजीपोटीच म्हणतो आपण ते, पण तुम्ही परदेशी असताना तेच वाक्य घातक ठरू शकतं. डिसेंबरात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पुण्यात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा. तुम्ही बाळाला कसंबसं झोपवून पडला असाल, फोन सायलेंटवर. मावशी पाच वेळा फोन लावतील, मग नाशिकला लावतील, मग तुम्ही उठाल, 'व्हिडिओवर दाखवा' म्हणाल, डॉक्टरांना शोधाल. यात पाऊण तास कुठेच गेला. पॅरालिसिसच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून हे वाक्य आजच उलटं करा: 'आधी १०८, मग मला फोन.' तुमच्या तोंडून, आईसमोर आणि भावासमोर मावशींना ते ऐकू द्या. 'उगाच बोलावलं तरी चालेल, मी रागावणार नाही' हेही म्हणा. हे वाक्य नुसतं कागदावर लिहून भागत नाही.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पैसे पडत नाहीत, फोनवर मराठीत बोलतात, आणि गाडीत डॉक्टर असतो. जोडीला तुम्ही ठरवलेल्या रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर असू द्या. पण नंबर भिंतीवर असणं वेगळं आणि घाबरलेल्या आवाजात पत्ता सांगता येणं वेगळं. मावशींना तुमचा पत्ता तोंडपाठ आहे का, एकदा विचारून बघा. अनेकजणींना रस्ता पायाखालचा असतो, पण इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण एका दमात सांगता येत नाही. तुम्ही १०८ वाले व्हा आणि आतल्या खोलीतून त्यांना फोन करा. "कुठून बोलताय? पेशंटचं वय काय? काय होतंय? श्वास चालू आहे का?" असं दोन-तीनदा झालं की जीभ वळते.

आता आजारांकडे येऊ. मावशींना अख्खं वैद्यकशास्त्र शिकवायचं नाहीये. तुमच्या आईच्या बाबतीत काय काय होऊ शकतं एवढंच शिकवायचं, आणि ते चार-पाच गोष्टींच्या पलीकडे जात नाही.

साखर उतरणं सगळ्यात संभवनीय, म्हणून त्याचाच सराव सर्वाधिक. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं, हाक मारली तरी गुंगीत. साखर तपासायच्या मीटरवर ७० च्या खाली आकडा आला की चहाचे तीन चमचे साखर अर्धा कप पाण्यात ढवळून घोट घोट पाजायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं; तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. आकडा वर आला की दूध-बिस्कीट किंवा अर्धी पोळी. पेढा किंवा चॉकलेट या वेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटर सापडत नसेल किंवा स्ट्रिप संपली असेल तर थांबायचं नाही, साखर द्यायची. साखर आधीच जास्त असेल तर तीन चमच्यांनी त्या तासात मोठं काही बिघडणार नाही. उतरलेली तशीच राहिली तर बिघडेल. आणि आजी हाकेला ओ देत नसतील तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८. हे सगळं मावशींच्या हातून करवून घ्या. बोटाच्या मधोमध टोचलं तर दुखतं, कडेला टोचायचं. स्ट्रिपला रक्त पुरेसं लागलं नाही तर मीटर एरर दाखवतो. हे हाताला कळावं लागतं. तीन चमचे साखरेची पुडी, छोटा चमचा आणि मीटर एका डब्यात घालून तो आईच्या उशाशी ठेवा. डब्यावर मावशींकडूनच नाव लिहून घ्या.

मीटरवर साखर ठीक आहे, तरीही दरदरून घाम, दम लागतोय, उलटी होतेय, जीव घाबरा होतोय, असं असेल तर तो हृदयाचा त्रास असू शकतो. जुना मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. हे मावशींना माहीत नसणं स्वाभाविक आहे. शिकलेल्या घरांतही 'ॲसिडिटी असेल' म्हणून सकाळ होऊ दिली जाते. इथे घरगुती काही करायचं नाही. १०८.

पॅरालिसिसच्या खुणा त्यांनी एकदा पाहिल्यात की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. हसायला सांगितलं की तोंड एका बाजूला ओढलं जातं, दोन्ही हात वर धरायला सांगितले की एक खाली येतो, बोलणं बोबडं होतं. एवढं दिसलं की घड्याळ बघायचं. आजी शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या, ती वेळ रुग्णालयातले डॉक्टर पहिल्यांदा विचारतात आणि तिथे फक्त मावशीच उत्तर देऊ शकतील. बीपीची जादा गोळी नको, ॲस्पिरिन नको. मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने नुकसान होईल. पाणीही नको, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. झटक्यासाठी कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं हे शेजारचं कुणीतरी आणेलच. त्यांना ठाम नकार द्यायला मावशींना तुमचं पाठबळ लागेल.

पडणं. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे, म्हणून डोक्याला मार लागला असेल तर आजी हसत-बोलत असल्या तरी त्याच दिवशी रुग्णालयात. रक्तस्राव हळूहळू होतो, लक्षणं उशिरा दिसतात. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला किंवा हलवल्यावर कळ आली तर काखेत हात घालून उचलायचं नाही. अंगावर पांघरूण घालून तिथेच पडू द्यायचं, मदत येईपर्यंत.

आणि घास अडकणं. आईला झटका येऊन गेलाय, त्यामुळे आडवं असताना पाणी-गोळी कधीच नको. घास अडकून आवाज बंद झाला तर पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके, आत आणि वरच्या दिशेला. हे फॅमिली डॉक्टरांकडे प्रत्यक्ष दाखवून घ्या, लेखावरून शिकू नका. तिथेच छाती दाबण्याचा सरावही करून घेता आला तर उत्तम.

इन्सुलिनबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला तिची सगळ्यात काळजी वाटते. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन ४० ताकदीचंही मिळतं आणि १०० ताकदीचंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. सहा आठवड्यांत कधीतरी सिरिंज संपणार, मावशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणणार, आणि तिथल्या पोराने दुसरीच दिली तर? १०० ताकदीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट जातो. तेव्हा सहा आठवडे पुरतील इतक्या सिरिंज नि औषधं आधीच भरून ठेवा, आणि रिकामी कुपी व सिरिंज नमुना म्हणून दुकानात न्यायची सवय लावा. पेन वापरत असाल तर हा घोळ टळतो, पण सुया आणि काडतुसं मोजून ठेवा. दुसरं म्हणजे, इन्सुलिन दिलं आणि आजींनी 'नको गं' म्हणून ताट सरकवलं, असं झालं की साखर उतरते. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच. आजी जेवल्याच नाहीत, उलट्या होताहेत, अशा दिवशी किती द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते मावशींनी ठरवायचं नाही आणि तुम्ही जर्मनीतून अंदाजाने सांगायचंही नाही.

कागद एकच करा, मोठ्या अक्षरात, मावशींच्या बोलीत. माझ्या मते त्यावर एवढंच असावं:

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं: वेळ बघा, १०८.
घाम आणि साखर ७० खाली: तीन चमचे साखर. हाकेला ओ नाही: तोंडात काही नको, १०८.
घाम, दम, उलटी, साखर ठीक: १०८.
डोक्यावर पडल्या: बऱ्या दिसल्या तरी दवाखाना.
मग शेजारच्या काकू. मग दादा. मग ताई.

मागच्या बाजूला पत्ता, आईचं नाव-वय, आजार, गोळ्यांची यादी, ॲलर्जी. गेल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी, आधार आणि विम्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घालून फाइल दाराजवळ टांगा. कपाटात, किल्लीत, ताईंच्या ड्रॉवरमध्ये असली तर ती नसल्यातच जमा.

क्रमात शेजारच्या काकू भावाच्या आधी का, तर नाशिकहून यायला चार-पाच तास लागतात. अर्ध्या तासात दारात उभं राहील असं माणूस शोधा आणि त्यांच्याशी स्वतः जाऊन बोला. 'लक्ष असू द्या' एवढं मोघम नको. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असेल, लिफ्ट आणि वॉचमनचं ते बघतील, ॲम्ब्युलन्समध्ये एकजण बसेल, हे ठरवून. आतून लावायची कडी या सहा आठवड्यांत वापरायची नाही, नुसतं लॅच. नाहीतर किल्ली असून उपयोग नाही.

रुग्णालय आत्ताच ठरवा. चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर असलेलं एक, ते भरलेलं असेल तर दुसरं. कोपऱ्यावरचं नर्सिंग होम तापाला चांगलं, झटक्याला तिथे वेळ जाईल. मावशींना वाटतं, नातेवाईक नाहीत म्हणून घेणार नाहीत. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलं आहे. तरी काउंटरवर पैसे आणि सही मागतात, हे आपण जाणतो. म्हणून तुमच्या सहीचं साधं पत्र फाइलमध्ये ठेवा: या बाई माझ्या आईची काळजी घेतात, त्यांनी आईला माझ्या सांगण्यावरून आणलं आहे, निर्णयासाठी माझ्या भावाला या नंबरवर फोन करावा. भावाला विमा कंपनीचा नंबर आणि पॉलिसी पाठ हवी. आईला ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकतं; उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. पण तुम्ही ठरवलेलं रुग्णालय त्या योजनेच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. आणि घरात एका पाकिटात दहा-पंधरा हजार रोख ठेवा. मावशींसमोर मोजून, त्यांच्या हाती द्या. 'आजींसाठी लागले तर खर्च करा, हिशेब मागाहून बघू' असं सांगा. कुलूपबंद पैशांवर रात्री दोनला रिक्षा येत नाही.

आता मावशींबद्दल. सहा आठवडे, चोवीस तास, एकटीने, एकही सुट्टी नाही: ही अट कुठल्याही माणसाला न झेपणारी आहे. रात्री दोनदा उठणारी बाई दुपारी झोपली नाही तर चौथ्या आठवड्यात तिला घामही कळणार नाही. आठवड्यातून एक दिवस बदली बाई हवी आणि ती तुम्ही जाण्याआधी दोन-तीनदा येऊन आईला माहीत झालेली हवी. मावशींच्या घरी कुणी आजारी पडलं, त्यांना बीडला जावं लागलं तर काय, हे विचारून ठेवा. ते विचारलं म्हणून त्या जाणार नाहीत, उलट न सांगता अडकून राहणार नाहीत. या दिवसांचे पैसे जास्त द्या. कॅमेरा लावायचा असेल तर त्यांना सांगून, हॉलमध्ये. चोरून लावलेला कॅमेरा त्यांच्या लक्षात येईलच, आणि त्यानंतर त्या तुम्हाला काहीही खरं सांगणार नाहीत.

भावाच्या सुचवणीलाही मी हसण्यावारी नेणार नाही. आईला नळीने जेवण, ऑक्सिजन असं काही असतं तर रात्रपाळीची नर्स असलेलं सेंटरच बरं, असं मीही म्हटलं असतं. पण तुमची आई वॉकरने स्वतःच्या घरात फिरते, तिला बाथरूमचा रस्ता अंधारातही कळतो. या वयात जागा बदलली की माणसं गोंधळतात, पडतात, जेवण कमी करतात. आणि तिथले कर्मचारी पहिल्या आठवड्यात तिचा घाम ओळखणार नाहीत. माझा कौल घराकडे आहे, पण भावाने नुसता सल्ला देऊन भागणार नाही. त्याने दर पंधरवड्याला दोन दिवस येऊन राहावं, आणि या काळात दवाखान्यातला निर्णय त्याचा असेल हे तुम्ही दोघांनी आत्ताच कबूल करावं. संकटाच्या वेळी रुग्णालयाच्या दारात भावंडं फोनवर भांडतात, आणि डॉक्टर ताटकळतात.

जाणं रद्द करू नका. तुम्ही पुण्यात असतानाही बँकेत जाता, लग्नाला जाता, दोन तास वाहतुकीत अडकता. ही तयारी सहा आठवड्यांपुरती नाहीच.

आणि या सगळ्यात आईला कुणी विचारलंय का? 'तू खुशाल जा' हे त्या तुमच्यासाठी म्हणाल्या. त्यांच्यासाठी काय हवंय, ते शांत बसून विचारा. पुन्हा मोठा झटका आला तर व्हेंटिलेटर, आयसीयू, किती दिवस? त्यांची इच्छा स्पष्ट असेल तर ती लेखी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही पुरते. लिहायचं नसेल तर नका लिहू. पण भावाच्या कानावर ते आईच्या तोंडून जाऊ द्या.

शेवटी रंगीत तालीम करा. जायच्या महिनाभर आधी दोन रात्री पुण्यातच नातेवाइकांकडे राहायला जा. फोन घ्यायचा, पण आपण होऊन करायचा नाही. परत आल्यावर मावशींना विचारा, कुठे अडलं, कशाची भीती वाटली, कागदावरचं काय कळलं नाही. त्या सांगतील त्याप्रमाणे कागद बदला.

याला सुरुवात डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटपासून करा, आणि मावशींना सोबत न्या. बाहेर बाकावर बसवून नका ठेवू, आत डॉक्टरांसमोर खुर्ची द्या. जेवल्या नाहीत तर इन्सुलिन किती, हा प्रश्न मावशींनाच विचारू द्या. उत्तर डॉक्टरांच्या अक्षरात, तारखेसह हवं.